सोमवारची खिचडी

जयपूर, मंगळवार, ४ फेब्रुवारी १९८६

सकाळी लघवी तपासली. नळीतलं निळं औषध तापवल्यावर पुन्हा विटकरी झालं, म्हणजे साखर फार. एरवी हिरवट असतं, मंगळवारीच विटकरी. चहातसुद्धा साखर घेत नाही मी. मग?

संध्याकाळी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "सोमवार को क्या खाते हैं?"

"व्रत रहता है. बस साबूदाने की खिचड़ी, आलू."

ते हसले. "साहब, इसे हम दावत कहते हैं! दोनों पूरे स्टार्च. पेट में जाकर शक्कर ही बनेंगे. किसने कहा व्रत रखने को?"

कुणीच नाही. माझा मधुमेह निघाला तेव्हा सुधाने सोमवार धरले. ती जाऊन आठ महिने झाले, ते मी चालू ठेवले. सोडले तर तिचं आणखी काही संपेल, असं वाटायचं.

परत येताना आठवलं. खिचडी ती स्वतःपुरतीच करायची. मी वाटी पुढे केली की म्हणायची, "उपास माझा आहे. तुम्ही आपली भाकरी खा." भाकरी एकच, वर मेथी आणि वरण. राग यायचा तेव्हा. ती जाणून होती का? की नुसती सवय? आता कुणाला विचारणार.

नळी विटकरी होत होती, आणि मी तिचे सोमवार पाळत होतो.

स्वयंपाकाच्या बाईंना सांगितलं, येत्या सोमवारी बाजरीची रोटी, एकच.

"और व्रत, बाबूजी?"

"वो मेरा नहीं था," म्हणालो.