प्रकृतीचं कारण

ॲन आर्बर,
१४ सप्टेंबर १९८६

प्रिय पुरुषोत्तम यांस,

सा. न. वि. वि.

तुमचं ऑगस्टअखेरचं पत्र परवा मिळालं. इकडे आम्ही दोघी ठीक. दीपाचं शाळेचं शेवटचं वर्ष सुरू झालं. गाडीचा सायलेन्सर बदलून घेतला. शैलाकडे गणपतीला पन्नास माणसं होती, मोदक मी करून नेले, एकही फुटला नाही. थंडी यंदा लवकर पडणार म्हणतात. माझी प्रकृती उत्तम आहे. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण या आठवड्यात तिची फार चौकशी झाली.

तुमचा लियांग येऊन गेला. तुम्ही चीनहून आधीच्या एका पत्रात लिहिलं होतंत की आमच्या कॉलेजात परदेशी शिक्षकांचं ऑफिस सांभाळणारा हा माणूस तिकडे शिकायला येतोय, त्याला खोली मिळवून दे, भाड्याच्या कागदावर जामीन म्हणून सही कर. आणि खाली एक ओळ, की तो फार बोलतो, मनावर घेऊ नकोस. ती ओळ वाचून मला हसू आलं होतं. नवऱ्याला बायकोची काळजी, दुसरं काय.

दारात बत्तीस-तेहतीस वर्षांचा, कोटाची सगळी बटणं लावलेला माणूस. मी त्याला चिनीत या, बसा, जेवलात का, असं विचारलं. तो बघतच राहिला.

हे तुम्हाला ठाऊक नाही. दोन वर्षं मी दर मंगळवारी हॉस्पिटलातून सुटले की हायस्कूलच्या संध्याकाळच्या वर्गाला जाते. तैवानच्या एक बाई चिनी शिकवतात. तुम्ही म्हणाला होतात, कम्युनिस्ट देश आहे, कुटुंबाला येऊ देत नाहीत, पण पुढेमागे नियम बदलेल. म्हटलं, बदलला तर तयारी असावी. तुम्हाला चकित करायचं होतं. या वयात जिभेला वळण लावताना काय हाल झाले ते माझं मला माहीत.

चहाचा ट्रे घेऊन आले तर लियांगने तो माझ्या हातातून काढूनच घेतला. मी बसेपर्यंत तो बसेना. मग अगदी हलक्या आवाजात त्याने विचारलं, आता हृदय कसं आहे, जिनसेंगच्या औषधी मुळ्यांचा गुण आला का.

तो डबा आठवतो? तुम्ही तिकडे गेल्यावर पहिल्या दिवाळीला आला होता, लाल रेशमी कापडात गुंडाळलेला. तुम्ही चिठ्ठीत एवढंच लिहिलं होतं, की इथली खास वस्तू, तुझ्यासाठी. मला वाटलं, सतरा वर्षांत पहिल्यांदा यांनी स्वतःहून काही पाठवलं. ती कडू मुळी मी महिनाभर चहात उकळून प्यायले. आता लियांगकडून कळलं, तो डबा तुमच्या ऑफिसातल्या लोकांनी वर्गणी काढून आणला होता, आजारी मादामसाठी, म्हणजे माझ्यासाठी.

मग मी विचारत गेले आणि तो सांगत गेला. तो बोलका नाही हो. त्याला कुणी खोटं बोलायला सांगितलं नव्हतं, इतकंच. परदेशी शिक्षकाच्या बायकोचं तिकीट कॉलेजच देतं. दोन खोल्यांची जागाही त्या हिशेबानेच देतात. बायको येणार नसेल तर तिच्या सहीचं तसं पत्र लागतं, दर वर्षी नवं. तुमच्या फाइलीत माझी तीन पत्रं आहेत, त्याने स्वतः लावलेली. पहिल्या वर्षी माझं हृदय कमजोर होतं. दुसऱ्या वर्षी सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या, म्हणजे त्यांना जाऊन नऊ वर्षं झाल्यावर. तिसऱ्या वर्षी कारणच नाही. मला चीनमध्ये राहण्याची इच्छा नाही, बस्स. लियांग म्हणाला, ते वाचून ऑफिसात सगळ्यांना वाईट वाटलं. त्यांनी खिडक्यांना पडदे शिवून ठेवले होते.

तरीही मी त्याच्या भाड्याच्या कागदावर सही केली. तुम्ही सांगितलंच होतं ना. त्याने कागद उचलला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "मादाम, ही सही त्या पत्रांवरची नाही."

वीस वर्षं तुम्ही माझ्या मागे लागला होतात, की अमेरिकेत राहतेस, इंग्रजीत सही कर, बँकेतले लोक हसतात. मी कधी केली नाही. पासपोर्टवर मराठी, घराच्या कागदावर मराठी, दीपाच्या प्रगतिपुस्तकावर मराठी. शेवटी तुम्ही तुमच्या मनासारखी करून घेतलीत. लियांगने सांगितलं, तिन्ही वेळा इंग्रजीत, एल अक्षराला शेपूट वगैरे काढून. मी हॉस्पिटलात दिवसभर लोकांच्या सह्या ताडून पाहते आणि माझ्या स्वतःच्या सहीची गोष्ट मला परक्या माणसाने सांगावी.

लियांगचा चेहरा उतरला. त्याला कळलं होतं. जाताना म्हणाला, सर आमच्याशी फार चांगले वागतात, विद्यार्थी त्यांच्यासाठी जीव टाकतात. मी म्हटलं, हो, असतील.

आता एक माझंही लिहिते, कारण ते टाळून हे पत्र पुरं होणार नाही. कंपनीने तुम्हाला काढलं आणि दीड वर्ष तुम्ही घरी होतात, त्या काळातला शैलाकडचा गणपती. कुणीतरी विचारलं, पुरुषोत्तम सध्या काय करतात. आणि मी म्हणाले, "भांडी फार छान घासतात." सगळे हसले. तुम्हीही हसलात. गाडीत मात्र घर येईपर्यंत बोलला नाहीत. मी तेव्हाच माफी मागायला हवी होती. मला ते जमलं नाही, राग होता माझ्या मनात, दोन नोकऱ्या करून दमले होते. आज मागते.

पण त्या एका वाक्याची शिक्षा तीन वर्षं? तिथे तुम्ही सर आहात, प्रोफेसर आहात, तुम्ही वर्गात आलात की पोरं उभी राहतात. मी आले असते तर भांडी घासणारा माणूस माहीत असलेली एक बाई तिथे आली असती. तेवढ्यासाठी मला आजारी पाडलंत. दर जुलैत महिनाभर इथे येऊन माझ्या हातचं जेवलात आणि एकदाही तोंडातून शब्द काढला नाहीत.

मला हे दीपाला सांगायचं नव्हतं, पण ती जिन्यावरून ऐकत होती. "सो ही जस्ट डिडन्ट वॉन्ट अस," एवढंच म्हणाली आणि वर गेली. तिची समजूत कशी घालायची ते मला सुचलं नाही. तुम्हाला सुचलं तर तिला लिहा.

तुम्ही लिहिता, कॉलेज आणखी एक वर्ष थांबायचा आग्रह करतंय. थांबा. लियांग म्हणाला, या वर्षीचं माझं पत्र ऑक्टोबरच्या आत लागेल. तुम्हाला त्रास नको म्हणून ते मीच लिहिलं आहे, सोबत जोडते आहे. इंग्रजीत चार ओळी आहेत, खाली माझी मराठी सही. माझी प्रकृती उत्तम आहे. घरी कुणी आजारी नाही. मला तुमचा देश बघायची फार इच्छा होती, त्यासाठी मी तुमची भाषाही शिकले. तरीही मी येणार नाही, आणि हा निर्णय पहिल्यांदाच माझा आहे.

ते ऑफिसात द्या, किंवा फाडून टाका आणि पुन्हा तुमचंच एक लिहा. दिलंत, तर फाइलीतल्या चार पत्रांतलं एक वेगळं दिसेल आणि कुणीतरी विचारील. तेव्हा तुम्ही वर्गात शिकवता तशा स्पष्ट इंग्रजीत उत्तर द्या. फाडलंत, तरी ते इथे बसून मला कळेल. लियांग तिथल्या लोकांना पत्रं लिहीत राहणार आहे.

पुढच्या जुलैत तुम्हाला या घरी यायचं असेल, तर मलाही आधी एक पत्र लागेल. तुमच्या हातचं, खऱ्या कारणासकट. ते आलं नाही, तर येऊ नका.

खाली सही करते आहे. नीट पाहून ठेवा, ही अशी असते.

लतिका पुरुषोत्तम देवस्थळी