वेळेवर पोचणारी पांढरी आणि वाटेत थांबणारी लाल

मी, दमयंती विष्णू मुळ्ये, वय वर्षे शहात्तर, निवृत्त शिक्षिका, राहणार मिरजोळे, तालुका व जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पडवीत बसून, सकाळचा चहा झाल्यावर लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. हृदयाबद्दल तसे म्हणता येत नाही. त्याची एक झडप नीट मिटत नाही, असे डॉक्टर सुजय यांनी मला चित्र काढून समजावले आहे, आणि या वयात ती दुरुस्त करून घ्यायची नाही हा निर्णय माझा आहे. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणी दडपण आणलेले नाही. घर विकण्यासाठी थोडे आणले गेले, ते पुढे येईल. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे काही रद्द करायचा प्रश्न नाही.

मी लग्न केले नाही. मला एक धाकटा भाऊ आहे, श्रीपती, वय एकाहत्तर. तो आंबा बागायतदार असून माझ्याबरोबर याच घरात राहतो. त्याची पत्नी कुसुम सात वर्षांपूर्वी वारली. त्यांचा एकुलता मुलगा गंधार ठाण्याला नोकरी करतो. माझे जे काही आहे ते या दोघांतच वाटायचे आहे.

माझी मिळकत अशी. एक, राहते घर आणि त्याभोवतीची जागा. वडिलांनी बाग श्रीपतीला दिली आणि घर मला, त्यामुळे घरावर आज फक्त माझे नाव आहे. दोन, बँकेतील ठेव. तीन, पांढऱ्या रंगाची छोटी गाडी, १९९८ साली नवी घेतलेली, जिचे पासिंग आजही चालू आहे. श्रीपतीची लाल गाडी माझ्या मालकीची नाही, पण तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय घराचे कलम कोणाला समजणार नाही. ती दोनच माणसांची, टप उघडणारी, परदेशी बनावटीची गाडी त्याने २००६ साली मुंबईहून जुनी विकत आणली. अशा गाडीला स्पोर्ट्स कार म्हणतात. ती बड्या लोकांची नव्हे, तर पगारदार माणसाने कधीतरी आपली हौस भागवावी म्हणून बनवलेली. गाडीने दारात पाऊल टाकले तेव्हा गावात कोणीतरी श्रीपतीला लॉटरी लागल्याचे सांगत होते.

कलम पहिले, घर.

या दिवाळीत गंधार चार दिवस आला होता. पडवीत बसून मला म्हणाला, "आत्या, तुझ्यानंतर बाबा इथे एकटे कसे राहणार? आमच्याकडे एक खोली रिकामी आहे. घर विकून टाकू. आणि ती लाल गाडी भंगारात जाऊ दे. आरे-वारेच्या चढावर कुठेतरी बंद पडेल आणि बाबा तिथेच बसून राहतील."

श्रीपती बाजूलाच लाल गाडीचा प्लग पुसत होता. पुसून झालेला प्लग त्याने पुन्हा पुसायला घेतला.

प्रश्न काळजीपोटी विचारलेला होता, म्हणून मी रागावले नाही. रागावले दुसऱ्या दिवशी, गंधार एका गृहस्थाला जागा दाखवायला घेऊन आला तेव्हा. त्या गृहस्थाने आमची पडवी पावले टाकून मोजली. मी त्याला चहा विचारला नाही, आणि असे माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच झाले.

पण गंधारचा प्रश्न खरा होता, आणि त्याला मी त्याच दिवशी उत्तर दिले नाही. ते आता देते. वीस वर्षे श्रीपती आणि मी याच प्रश्नावर भांडत आलो आहोत, की शेवटपर्यंत भरवसा कोणत्या गाडीचा. त्यासाठी दर माघात आम्ही दोघे आपापली गाडी घेऊन आंजर्ल्याच्या गणपतीला जात होतो. वाटेत जयगडची आणि दाभोळची अशा दोन खाड्या फेरीबोटीतून पार कराव्या लागतात. जी गाडी कुरकूर न करता जाऊन येईल ती त्या वर्षीची खरी.

पांढरीबद्दल आधी सांगते, कारण ती माझी आहे आणि तिचे कौतुक करायला मला कोणाची परवानगी लागत नाही. तिच्यात मी नेवरे गावाकडच्या शाळेत रोज गेले. ती कधीच आजारी पडली नाही असे मी म्हणणार नाही. खाऱ्या वाऱ्याने तिचा सायलेन्सर गळून पडला, आणि एकदा पायाखालचा पत्रा इतका कुजला की मला ब्रेकशेजारून रस्ता दिसत होता. पण तिला जे हवे ते मारुती मंदिराजवळच्या दुकानात मिळते, आणि तिचे काम न येणारा मेकॅनिक या जिल्ह्यात नाही. ती साधी आहे. तिच्यात बिघडायला फारसे काही ठेवलेलेच नाही, आणि ज्याने ती अशी बनवली त्या माणसाला मी मनोमन नमस्कार करते. चुलतभाऊ आप्पा तिला आयुष्यभर काड्यापेटी म्हणत आले. हेच आप्पा लेकीच्या लग्नात तीच काड्यापेटी घेऊन आठ दिवस फिरले आणि परत करताना आतला जॅक ठेवून घेतला. तो जॅक अजून त्यांच्याकडे आहे. या मृत्युपत्रान्वये मी तो त्यांना देत नाही.

आता लाल. एमआयडीसीत विनोदचे गॅरेज आहे. दोन्ही गाड्या पहिल्यापासून तोच बघतो. मी त्याला एकदा सरळ विचारले, की यातली चांगली कोणती. तो म्हणाला, "ताई, इंजिन दोघींचं इमानदार. लालचं जरा जास्तच. पण तिच्या भोवतीचं सगळं नाजूक हाय बघा." आणि तसेच आहे. वीस वर्षांत लालचे इंजिन एकदाही उघडावे लागले नाही. बिघडते ती पंख्याच्या वायरीने, काचेच्या मोटरीने, टपाच्या रबराने. तो एवढासा रबर मुंबईहून यायला महिना लागतो, आणि तोवर श्रीपती आत बसून छत्री धरतो. गाडी इतकी खाली आहे की प्रत्येक गतिरोधकाला ती नमस्कार करते. एका माघात जयगडसमोरच्या तवसाळच्या धक्क्यावर ओहोटी होती, उतार उभा होता, आणि लाल फेरीबोटीतून उतरताना पोटावर अडकली. मागे माझी गाडी, तिच्यामागे एक टेम्पो, आणि सगळ्यांचे हॉर्न सुरू. तेव्हा मासळी घेऊन निघालेले चौघे जण खाली आले. "काका, उचलू काय? चार जण बस झाले," असे म्हणाले आणि त्यांनी खरोखरच उचलली. श्रीपती आत स्टिअरिंग धरून राजासारखा बसलेला. मी इतकी हसले की माझी गाडी न्यूट्रलमध्ये टाकावी लागली.

पण तिचे सगळ्यात मोठे नुकसान गाडी बनवणाऱ्याने केलेले नाही. ते आम्ही केले. पहिल्याच पावसाळ्यात श्रीपतीने ती जपून ठेवायचे ठरवले. आंब्याचा हंगाम संपला होता, आंबे पेंढ्यात पिकत घालायची आढीची खोली रिकामी होती. या माणसाने जन्मभर आंबा जपला, त्यामुळे जपणे म्हणजे काय हे त्याला एकाच रीतीने ठाऊक. त्याने चार जांभ्याचे चिरे मांडून त्यावर गाडी चढवली, खाली आणि चारी बाजूंनी भाताचा पेंढा भरला, दार लावले आणि दसऱ्याला पूजेसाठीच उघडले. पेंढ्याने चार महिन्यांची ओल धरून ठेवली होती. ब्रेक जाम झाले होते आणि उंदरांनी वायरी कुरतडून इंजिनावर घरटे केले होते. माझी पांढरी त्याच पावसाळ्यात नारळाच्या झापांच्या मांडवाखाली उघडी होती, रोज भिजत शाळेत जात होती, आणि तिला काहीही झाले नव्हते. विनोदने वायरी बदलल्या. तेव्हापासून श्रीपती लालला रोज, निदान नाक्यापर्यंत तरी, फिरवून आणतो. त्यानंतरचे तिचे बिघाड किरकोळ आहेत.

म्हणून माझे मत असे झाले आहे की गाडी स्वस्तातली छोटी असो की हौसेची, ती किती वर्षांची आहे हे बघू नये. ती किती दिवस नुसती उभी राहिली ते बघावे. गंधार, तू आपल्या बाबांना पेंढ्यात ठेवायला निघाला आहेस. प्रेमानेच, हे मला कळते. पण इथे त्याला सकाळी बाग आहे, विनोदकडे जाऊन वाद घालायला गाडी आहे, बाजारात चार माणसे हाक मारणारी आहेत. तुझ्याकडच्या खोलीत तो नातवंडांची वाट बघत दिवसभर उभा राहील.

सबब मी असे ठरवते, की माझ्या पश्चात राहत्या घरात व भोवतीच्या जागेत राहण्याचा संपूर्ण हक्क श्रीपतीला त्याच्या हयातीपर्यंत राहील. तो जिवंत असताना घर किंवा जागेचा कोणताही भाग कोणालाही विकता, गहाण टाकता किंवा पावलांनी मोजता येणार नाही. त्याच्या पश्चात घर गंधारच्या मालकीचे होईल, आणि मग त्याने त्याचे काय करावे हे मी वरून बघत बसणार नाही.

कलम दुसरे, ठेव. ठेवीच्या व्याजातून घराची कौले, श्रीपतीचे औषधपाणी आणि लाल गाडीचे सुटे भाग हे खर्च करावेत. सुटे भाग चैनीत धरू नयेत. चिमा आमच्याकडे वीस-बावीस वर्षे घरकामाला आहे. ती येत राहील तोवर तिचा पगार दर दसऱ्याला वाढवावा. अलीकडे श्रीपतीच्या गुडघ्यांमुळे त्याला त्या खोल गाडीतून बाहेर पडता येत नाही, तेव्हा तीच त्याला ओढून काढते आणि म्हणते, "दादा, हात द्या. गाडी हाय का विहीर?" हे काम तिच्या मूळ कामात धरलेले नव्हते.

कलम तिसरे, कुसुमच्या वस्तू. तिच्या साड्या आणि तिची पेटी माझ्या खोलीत आहेत, त्या गंधारच्या पत्नीला द्याव्यात. कुसुमबद्दल इथे लिहिते, नाहीतर दुसरे कोणी लिहिणार नाही. शेवटची तीन वर्षे तिला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावे लागे. पहिल्याच आठवड्यात तिने मला सांगून टाकले, "वन्सं, जाताना तुमच्या गाडीतून, येताना ह्यांच्या." कारण जाताना वेळ पाळायची असे. येताना श्रीपती तिला लांबच्या रस्त्याने, समुद्राकाठून, टप उघडून फिरवून आणी, आणि ती थकलेली बाई पदर डोक्याला घट्ट गुंडाळून वारा खात बसे. गाडी बंद पडायचीच. एकदा मी शोधत गेले तर दोघे आरे-वारेच्या पुळणीवर, वाळूत, शहाळे पीत बसले होते. मी चिडले, तेव्हा कुसुम म्हणाली, "रागावू नका हो. बंद पडते म्हणून तर बसायला मिळतं." श्रीपती त्यावर मला म्हणाला, "ताई, तुझी गाडी पोचते. पण कुठून आलीस असं विचारलं, तर तिला सांगता यायचं नाही." त्या दिवशी मी दोघांना तिथेच ठेवून एकटी घरी आले. मला त्या लाल गाडीचा मत्सर वाटला होता, आणि तितकेच तिचे उपकारही वाटले होते. ते अजून वाटतात.

माझ्या अस्थी आरे-वारेलाच सोडाव्यात आणि लाल गाडीतूनच न्याव्यात. टप उघडा ठेवावा.

कलम चौथे, पांढरी गाडी. ती मी गंधारला देते.

गंधार, हे वाचून तू चकित होशील. ठाण्यात तुझी मोठी गाडी आहे. पण ती सूनबाईंना रोज लागते, रेल्वेचे रिझर्वेशन मिळत नाही, आणि बसने तुझी पाठ धरते, म्हणून तू वर्षातून दोनदा येतोस. यातले एकही कारण खोटे नाही, मी ती सगळी मानते. त्यामुळेच ही गाडी. हिची कोणाला घरात गरज नाही, हिचे रिझर्वेशन करावे लागत नाही, आणि हिची सीट उंच आहे. सकाळी चावी फिरवलीस की ती सुरू होईल. महामार्गावर तुला लोक ओव्हरटेक करतील, करू दे. सत्तावीस वर्षांत ती निघाली आणि पोचली नाही असे एकदाही झालेले नाही. महिन्यातून एकदा तिला इकडे घेऊन येत जा.

तू विचारले होतेस, बाबा चढावर कुठेतरी बंद पडले तर काय. तर तू जायचे. त्यांच्याशेजारी बसायचे, मेकॅनिक येईपर्यंत. मग त्यांना घरी आणायचे, ठाण्याला नव्हे, इथे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी डॉक्टर सुजय यांनी करावी अशी मी त्यांना विनंती केली आहे आणि त्यांनी ती मान्य केली आहे. वरील मजकूर मी दोनदा वाचला. त्यात बदल करण्यासारखे काही सापडले नाही.

ठिकाण: मिरजोळे, रत्नागिरी
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

सही
दमयंती विष्णू मुळ्ये

दमयंतीबाईंनी आमच्या देखत, पूर्ण शुद्धीत सही केली आणि त्यानंतर आम्ही दोघांनी त्यांच्यासमोर सह्या केल्या. त्यांचे बंधू त्या वेळी घरात नव्हते. लाल गाडी फिरवायला गेले होते आणि अजून परतले नव्हते. बाईंनी काळजी केलेली आम्हाला दिसली नाही.

साक्षीदार १: डॉ. सुजय अनंत शेवडे, रत्नागिरी
साक्षीदार २: निशिगंधा रमाकांत आठल्ये, मिरजोळे