ओल्यात न घसरणारी फळी

मंगळवार, ४ ऑगस्ट

बाबा मागच्या अंगणात पडले. हाड मोडलेलं नाही. कोपर खरचटलंय, कंबर सुजलीय. तिथल्या लाकडी डेकच्या फळ्या हिरव्या झाल्यात. शेजारच्या इमारतीची दिवसभर सावली, खालची माती कायम ओली. शेवाळ धरणारच.

"पाय घसरला ना?" मी विचारलं.

"घसरलाच म्हणायचा," बाबा म्हणाले.

आईचं वेगळंच. "घसरले कुठले! उभे होते ते एकदम खाली बसले. दोरी सोडल्यासारखे." पण ती स्वयंपाकघराच्या खिडकीत होती, अर्धं लक्ष गॅसकडे.

बुधवार, ५ ऑगस्ट

फळ्या तपासल्या. कडेच्या दोन कुजल्यात — पेचकस सहज आत जातो. घसरल्याचा ओरखडा मात्र शेवाळावर दिसला नाही. रात्री पाऊस झाला, पुसला गेला असेल.

आई डॉक्टरांचं म्हणत होती. बाबा: "खरचटल्याला डॉक्टर? उद्या शिंक आली तर ॲम्ब्युलन्स बोलाव!" मीही म्हटलं, कारण समोर दिसतंय, आधी ते काढू. आई उठून आत गेली. तिचं असं उठून जाणं मला आवडलं नाही.

शनिवार, ८ ऑगस्ट

दुकानात. दुकानदाराने सागवानापासून सुरुवात केली. "ताई, नातवंडं नाचतील यावर." सतत ओलं राहिलं तर? "दरवर्षी तेल पाजायचं, बस." पाजणार कोण? बाबाच, गुडघे टेकून. नको.

मग लाकूड-प्लास्टिकच्या मिश्र फळ्या. कुजत नाहीत म्हणाला. पण त्यात भुसा असतो, आणि आवरण फक्त वरच्या बाजूला — म्हणजे खालून पाणी पिणार. तसं म्हटलं तर, "खालून कोण बघतंय, ताई?"

मी बघते.

तिसरी ॲल्युमिनियमची, वर वाळूसारखा खरखरीत लेप. तिन्हींचे तुकडे मागून घेतले.

रविवार, ९ ऑगस्ट

तुकडे अंगणाच्या सगळ्यात ओल्या कोपऱ्यात ठेवले. शेवाळ धरू दे, मग मोजेन. तोवर बाबांना मागे जायला बंदी. संध्याकाळी तिथे खुर्ची टाकून बसणं हेच त्यांचं फिरणं, तेही मी बंद केलं.

"म्हणजे मी नजरकैदेत. वकील तरी दे!"

हसले. हसताना दाराची चौकट धरून होते.

शुक्रवार, १४ ऑगस्ट

न्हाणीघरात तांब्या पडला. मी धावले. नुसता तांब्याच होता.

सोमवार, ३१ ऑगस्ट

लॅबमध्ये तुकडे भिजवून यंत्राला लावले. रोज लोकांच्या टाइल्स याच यंत्रावर तपासते — लंबकाला लावलेला रबरी तुकडा पृष्ठभागावरून घासत जातो. जितका अडतो तितका आकडा मोठा. ओल्यात निदान छत्तीस हवा.

सागवान एकोणीस. मिश्र फळी तीस. ॲल्युमिनियम एकसष्ट!

"कुठल्या कंपनीचं सँपल?" शेजारच्या टेबलावरचीने विचारलं. घरचं, एवढंच सांगितलं. बऱ्याच दिवसांनी डबा पूर्ण संपवला.

बुधवार, २ सप्टेंबर

आईला पसंत नाही. "पत्र्यावर चालल्यासारखं वाजेल." बाबा खूश: "विमानाच्या पंखावर बसून चहा पिणार आता!" ऑर्डर दिली.

भांडी आवरताना आई हळूच म्हणाली, "तू बाबांना चालताना बघितलंस का इतक्यात?" बघितलंय. पाय फरफटल्यासारखा टाकतात. भीती बसलीय, म्हटलं. नवीन डेक बसलं की जाईल.

"तुझं बरं असतं," आई म्हणाली. म्हणजे काय, ते विचारलं नाही.

शनिवार, १२ सप्टेंबर

मिस्त्री आले. पाणी निघून जायला उतार काढून घेतला, खाली हवा खेळेल इतकी उंची ठेवायला लावली. फटी मी स्वतः मोजल्या.

"मॅडम, पाणी जाईल हो. पण एवढी मोकळी जागा ठेवलीत तर खाली मांजर बाळंत होईल."

कडेने जाळी लावून घेतली.

रविवार, १३ सप्टेंबर

बादलीभर पाणी ओतलं. आधी मी चालले, अनवाणी. मग बाबा. एक हात माझ्या खांद्यावर. मी म्हटलं, सोडा, घसरणार नाही. सोडला. खुर्चीपर्यंत गेले!

"पास?" त्यांनी विचारलं. पास.

आई दारातच उभी राहिली. दुपारी मी दोन तास गाढ झोपले.

बुधवार, १६ सप्टेंबर

बाबा पुन्हा पडले. हॉलमध्ये, टीव्हीसमोर. लादी कोरडी होती. मी दोनदा हात फिरवून पाहिला.