जीव न मारणारं मशीन

३ ऑगस्ट
पाण्याचं मशीन बसलं एकदाचं. कावीळ झाल्यापासून डॉक्टर सासूबाईंच्या मागे लागलेत, पाणी उकळलेलं नाहीतर मशीनचंच प्या. उकळलेलं त्या पीत नाहीत. महानुभावांचा नेम घेतलेला. पाणी फडक्यानं गाळतात, फडक्यात अडकलेले जीव परत पाण्यात सोडतात. "उकडून मारलेलं पानी कसं पिऊ व?"
मशीनमधला निळा दिवा लागला. लगेच विचारलं, "याच्यानं जीव तं नाही ना मरत?"
"नाही आई. नुसतं गाळते ते."
बोलून गेले. आणि बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवते मी!

९ ऑगस्ट
आई भरपूर पाणी पितात आता. भूक लागते. राजापेठेत भाजी घ्यायला पायी जाऊन आल्या.
मी पळवाटा शोधतेय. त्या निळ्या दिव्याच्या अतिनील किरणांनी जंतू लगेच मरतात असं नाही, त्यांची पिलावळ थांबते. म्हणजे नसबंदीच. हे आईंना सांगावं? छे. लाज वाटते.

१७ ऑगस्ट, रवि.
माझा नवरा नितीन अकोल्याहून आला. जेवताना सांगितलं त्याला.
"आई बरी झाली ना? मंग कायले उकरून काढून राहिली? पाप लागलं तं मले लागू दे."
आणि वरून भाकरी मागितली. राग आला त्याचा. पण थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला लिहू.

२ सप्टें.
आई रिद्धपूरला जाऊन आल्या. मठातल्या बायांना सांगून आल्या की एकही जीव न मारता पाणी साफ करणारं मशीन आहे. आता मठात बसवायचं म्हणतात.
"माही सून शिकवते थे, तिले समदं समजते."
रविवारी येताहेत बाया. माझ्या तोंडून ऐकायला. मी खोटं एकीशी बोलले, आता सगळ्या मठाला पाजणार.

७ सप्टें.
आल्या. दंडवत, चहा झाला. वडीलधाऱ्या बाईंनी विचारलं, "माय, खरं सांग. जीव मरते का याच्यात?"
माझ्याआधी आईच बोलल्या. "तिनंच सांगतलं मले. थे लबाड नाही बोलत." हातात पाण्याचा पेला.
मी म्हटलं, "आई, तो पेला जरा खाली ठेवा."
मग सांगितलं. सगळं.
बाया गेल्या. आई पेला न उचलता आत गेल्या. पेला अजून तसाच भरलेला आहे. तहान लागली असेल त्यांना.