हळद लागलेल्या दोनशे प्रती

॥ श्री ॥

मुंबई, गिरगाव
ता. ६ डिसेंबर १९३६

सौ. विमलवहिनीस शालिग्रामचा नमस्कार. वि. वि.

अन् तरी मी मागच्या दोन्ही पत्रांत बजावलं होतं वहिनी, का गठ्ठे फोडू नका, सुतळीले हात लावू नका, जसेच्या तसे खामगावले भगवानरावाच्या पुस्तकाच्या दुकानात पोचते करा. मायले वाचून दाखवतानी तेवढीच ओळ गाळली का तुम्ही? काल भगवानरावाची चिठ्ठी आली. लिहितो, दोनशे प्रतींतली नमुन्याची एक सोडून साऱ्या डोणगावले परत धाडल्या आहेत, माल डागाळलेला आहे. मले वाटलं पाण्यानं भिजला असंल, उंदरानं कुरतडला असंल. मंग त्यानं नमुन्याची म्हणून धाडलेली प्रत उघडून पाह्यली. मुखपृष्ठावर मायची पाच बोटं हळदीची, अन् मधात कुंकवाचा टिळा!

मले रीत सांगू नका. नवा बैल आला त्याले हळदकुंकू, नवं वखर आलं त्याले, दिवाळीत दादाच्या वहीले. एका प्रतीले लावलं असतं तर मी तोंड उघडलं नसतं. पण दोनशे? अन् तेही ओल्या हळदीवरच एकावर एक रचून? एकीचा रंग दुसरीच्या पाठीले चिकटला आहे. तीन महिने मी सुटी झाल्यावर छापखान्यात रोज दोन तास जास्तीचं पायानं चालणारं ट्रेडल मारलं, पोटऱ्यांची लाकडं झाली, तेव्हा मालकानं रविवारची मशीन अन् उरलासुरला कागद देल्ला. बाबाच्या ढोरांच्या औषधपाण्याच्या पुस्तकाच्या पाचशे प्रती काढल्या. छापाचे खिळे जुळवणारा बुवा आमची बोली पुसून पुण्याची भाषा करून ठेवे, मी प्रुफावर पुन्हा आपली बोली घालो. तिसरी यत्ता नापास माणूस आपल्याले शिकवून राह्यला म्हणून त्यानं दोन दिवस माह्याशी बोलणं टाकलं होतं.

हे सारं कायच्यासाठी, ते दादाले पुन्हा एकदा ऐकवा. तीन सालाआधी बाबा तालुक्याच्या वाचनालयात पेपर ऐकाले गेले, तर शिपायानं त्यायले बाकावरून उठवून जोड्यांपाशी बसवलं. म्हणे, वाचता येत नाही त्यानं बाक अडवू नये. ज्या माणसानं नुसता डोळा पाहून पंचक्रोशीतल्या ढोरांचं दुखणं सांगतलं, तो जोड्यांपाशी! त्याच दिवशी मी मनाशी धरलं, का त्या वाचनालयाच्या काचेच्या कपाटात माह्या बापाचं नाव बसवीन. चिटणीस म्हणतो, पुस्तक दुकानदाराच्या बिलानंच घेऊ, घरून आणलेलं घेत नाही. म्हणून हा भगवानराव लागतो. नाही तर शेकडा पस्तीस कमिशन त्याच्या घशात घालाची मले काही हौस नव्हती.

आता ऐका. मी दोनशे नवी मुखपृष्ठं छापून धाडतो. पिवळी फाडा, नवी डकवा. मायले कळू देऊ नका.

मायबाबाले दंडवत, दादाले नमस्कार. रागात लिहिलं ते रागातच वाचा, पण माया आटू देऊ नका.

तुमचा
शालिग्राम


॥ श्री ॥

डोणगाव
ता. १७ डिसेंबर १९३६

चि. शालिग्रामभाऊजींस विमलचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुमचं पत्र सासूबाईले वाचून दाखवलं. पुरं दाखवलं, फाडाची ओळसुद्धा. माह्यावर ओळी गाळाचा आळ आला होता ना, तो फेडला. त्या उठल्या. चुलीपाशी जाऊन बसल्या अन् भाकरी थापता थापता म्हणाल्या, का त्याले लिही, उंबऱ्याबाहेर जाणारी नवी गोष्ट कोऱ्या कपाळानं कशी धाडू? तो मुंबईले निघाला तेव्हा त्याच्या बी कपाळाले लावलं होतं. त्याले तर कोणी डागाळलेला म्हणून परत नाही धाडलं.

तर भाऊजी, फाडाफाडी होणार नाही. मुखपृष्ठं छापू नका, आलीच तर पाणी तापवाले कामी येतील. दोन पावसाळे मी दाराआड बसून लिहिलं. सासरे ओट्यावरून सांगत, अर्धं चिलमीच्या धुरात जाये, अन् समोर जाऊन विचाराची सोय नाही. मंग मी सासूबाईले विचारो, त्या ओट्यावर जाऊन विचारत अन् येऊन मले सांगत. खुरकुतीच्या दुखण्याचं पान त्यायनं चार खेपा घालून पुरं केलं. कपिला गाईचा कान थंड लागला तर काय समजावं, ते तर मामंजी विसरले होते, सासूबाईनं सांगतलं. तुमच्या पुस्तकात त्यायचं नाव नाही. मंग बोटं तरी राहू द्या.

नावावरून आठवलं. मले न विचारता तुम्ही वरच छापलं, सांगणार पुंजाजी, लिहिणार सौ. विमलबाई. पारावर कोणी तरी म्हटलं, का आता घरातल्या बायकांची नावं बाजारात चार आण्याले मिळून राह्यली. तेव्हापासून तुमचे दादा माह्याकडे पाहून जेवत नाहीत. मी बी मुद्दाम भाकर जास्तीची वाढते.

एक कबूल करते. ओली हळद वाळू न देता रचल्या, ती चूक आमचीच. बांधाची घाई झाली होती, मोटर उभी होती. माहं माहेर वरवट बकाल, आमच्याकडे चूक कबूल करतात. डोणगावचे लोक मुंबईले जाऊनही शिकले नाहीत.

तुमच्यासंगं विहिरीत उड्या मारणारा सईद मनियार परवा बांगड्या भराले आला होता. गठ्ठे पाहून त्यानं विचारलं, शालूचं लगन लागलं का पुस्तकाचं? मंग वीस प्रती बांगड्यांच्या पेटाऱ्यात टाकून घेऊन गेला. म्हणे, दुकानदार माल दुकानात मांडतो, मी तर अंगणात जाऊन बसतो.

तब्येतीले जपा, खानावळीचं शिळं खाऊ नका. आशीर्वाद आहेत, भांडणही आहे, दोन्ही घ्या.

विमल


॥ श्री ॥

मुंबई, गिरगाव
ता. १० जानेवारी १९३७

सौ. विमलवहिनीस शालिग्रामचा नमस्कार. वि. वि.

मुखपृष्ठं छापली नाहीत. मायच्या त्या भाकरीवरच्या बोलण्यानं मी दोन रात्री धड झोपलो नाही, पण ते तिले सांगू नका, चढून जाईल.

इकडचं ऐका. उरलेल्या तीनशे प्रती माह्या खाटेखाली आहेत. त्यातल्या दहा घेऊन मी इथल्या चार दुकानांत फिरलो. एकानं पान उघडलं, ‘ढोराले उठवता येत नसंल तर’ एवढं वाचलं अन् हसत सुटला. विचारे, ही कोणत्या मुलखाची बोली? मी सांगतलं, ज्या मुलखाचा कापूस तुमच्या अंगावर आहे त्याची. दुसऱ्यानं विचारलं, लेखकाची पदवी काय. मी म्हटलं, माहा बाप म्हशीच्या पोटाले कान लावतो अन् सांगतो का रवंथ कवा थांबला, तुमच्या पदवीवाल्याले विचारून पाहा. त्यानं मले पायरी दाखवली. उतरलो, पण सावकाश उतरलो.

आता मुख्य गोष्ट. भगवानरावाचं पुन्हा पत्र आलं, अन् या खेपेले गोड. तीनशेच्या तीनशे घेतो म्हणतो, वाचनालयात आठ दिवसांत लावून देतो म्हणतो. अटी तीन. एक, मुखपृष्ठ कोरं पाह्यजे. दोन, एखाद्या मास्तराकडून भाषा शुद्ध करून पुन्हा छापा. तीन, त्याच्या वळखीचे एक पदवीवाले गुरांचे डॉक्टर आहेत, लेखक म्हणून त्यायचं नाव घाला, अन् प्रस्तावनेत बाबाचे आभार माना. तुमचं नाव तर त्याले दिसलंच नाही.

खोटं कायले बोलू, दोन दिवस मी विचार केला. कपाट समोर दिसून राह्यलं होतं. पण मंग ध्यानात आलं, का त्या काचेमागं भलताच माणूस बाकावर बसलेला असंल, अन् बाबा आभारात, म्हणजे पुन्हा जोड्यांपाशीच.

भगवानरावाले उत्तर कार्डावर लिहिलं, पाकीट केलं नाही. टपालवाल्यानंही वाचावं म्हणून. लिहिलं का पुस्तक आहे असंच राहील, आहे त्या बोलीत, आहे त्या दोन नावांनी, अन् हळद लागली असंल तर हळदीसकट. घ्याचं तर घ्या, नाही तर माह्या खाटेले तेवढाच टेकू झाला.

आता कपाटाचा रस्ता बंद झाला असं समजतो. पण वाकलो नाही, एवढं बाबाले सांगा. दादाले म्हणा, बायकोकडे पाहून जेव, अन्न अंगी लागते.

थोरल्यायले दंडवत. दूर आहो म्हणून पातळ होऊ नका.

तुमचा
शालिग्राम


॥ श्री ॥

डोणगाव
ता. ४ मार्च १९३७

चि. शालिग्रामभाऊजींस विमलचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

बसून वाचा. उभ्यानं वाचाचं पत्र नाही.

सईदच्या वीस प्रती दोन बाजारांत गेल्या. मंग चाळीस नेल्या, मंग साठ. बांगड्या भरून झाल्या का घरची बाई त्याच्या पेटाऱ्याले हळदकुंकू लावते, हे तुमाले ठाऊक आहे. तो तेव्हाच पुस्तक काढे. म्हणे, याले तर आधीच लागलं आहे, कोण्या तरी मायनं आपल्या हातानं लावून धाडलं आहे. बायका बोटांवर बोटं ठेवून पाहत अन् घेत. ढोराचं चारापाणी कोणाच्या हाती असते, भाऊजी? तुम्ही दुकानदारांच्या पायऱ्या झिजवून राह्यले होते, अन् गिऱ्हाईक गोठ्यात शेण काढून राह्यलं होतं. नवरे आधी कुरकुरले. मंग एका गावी पोट फुगून आडवा पडलेला बैल, पोरानं पान नऊ मोठ्यानं वाचलं तसं घरच्यायनं केलं, अन् सांजेले उभा राह्यला. तेव्हापासून पुस्तकाले पुस्तक कोणी म्हणत नाही, हळदीचं पुस्तक म्हणतात. कोरं धाडलं असतं तर सरकारी कागद समजून लोकायनं हात लावला नसता, असं सईद म्हणते.

लोक वाचनालयात जाऊन विचारू लागले. चिटणीस सांगे, असं पुस्तक आमच्याकडे नाही, येणारही नाही.

आता पुढचं तुमच्या दादांचं. मी काही बोलली नव्हती. बाजाराच्या दिवशी ते वाचनालयाच्या भिंतीवरची नियमावली उभ्यानं वाचून आले. तिच्यात लिहिलं आहे, का कोण्या सभासदानं मागणीवहीत पुस्तक मागितलं तर महिन्यात दुकानातून आणून द्यावं. दुसऱ्या दिवशी त्यायनं बंडी जुंपली अन् सासऱ्यायले म्हटलं, चला, सभासद व्हा.

मी बी संगं गेली, पण बाहेर बंडीवरच थांबली. आत दोन रुपये ठेवले तर चिटणिसानं विचारलं, यायले वाचता येते का. तुमचे दादा म्हणाले, नियम दाखवा. चिटणिसानं नियमांचं सारं पुस्तक चाळलं, मागून पुढून चाळलं. सभासदाले वाचता आलं पाह्यजे असं कुठंच लिहिलेलं नाही! लिहाची कोणाले गरज वाटली नसंल. मामंजीनं सभासदाच्या वहीत अंगठा उमटवला. मागणीवहीत पुस्तकाचं नाव तुमच्या दादायनं लिहिलं, लिहिणारीच्या नावासकट, अन् खाली पुन्हा अंगठा.

मंग भगवानरावाले मागणी गेली, अन् त्याचा माणूस स्वतः डोणगावले आला. कोऱ्या प्रती मागे. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, या घरात कोरं काही नाही. कमिशन पस्तीसाचं वीसवर आणलं तुमच्या दादायनं, अन् तीस प्रती नेल्या. परवा बिलासकट पुस्तक कपाटात लागलं.

काल मामंजी गेले अन् बाकावर बसले. त्यायनं पुस्तक मागितलं. शिपायानं आणून देल्लं. तोच शिपाई. मामंजी काही वाचू शकत नाहीत, मुखपृष्ठावरच्या सासूबाईच्या बोटांवर हात ठेवून बसून राह्यले म्हणे. थोड्या वेळानं शिपाई जवळ आला अन् हळूच विचारू लागला, का त्याची म्हैस चार दिवस झाले चारा खाऊन नाही राह्यली, काय करावं. मामंजी म्हणाले, पान चौदा. काढ अन् वाच.

हे मले बंडीवर बसून ऐकावं लागलं, तुमच्या दादायनं बाहेर येऊन सांगतलं. बायकांसाठी आत बाक नाही म्हणतात. कपाट कसं आहे, काच कशी आहे, मी पाह्यली नाही.

घरच्या प्रती आता पन्नासही उरल्या नाहीत. खाटेचा टेकू काढा. आशीर्वाद नेहमीसारखे, या खेपेले भांडण थोडं कमी.

विमल

ता. क. आता माह्याकडे पाहून जेवतात. मी भाकर मोजूनच वाढते.


॥ श्री ॥

मुंबई, गिरगाव
ता. १३ मार्च १९३७

सौ. विमलवहिनीस शालिग्रामचा नमस्कार. वि. वि.

तुमचं पत्र छापखान्यात मोठ्यानं वाचलं. पान चौदा आलं तेव्हा खिळेवाल्या बुवानं हातातले खिळे खाली टाकले अन् म्हणे, पुन्हा वाच. आता तो माह्याशी बोलते, अन् आपल्या बोलीत बोलाचं पाहते, पण जमत नाही बिचाऱ्याले.

मालक म्हणे, पुढच्या आवृत्तीले पिवळ्या शाईत हाताचा ठसाच छापून देऊ. मी एक करून पाह्यला. औषधाच्या बाटलीवरच्या चिठ्ठीसारखा दिसला, फाडून टाकला. सारे हात एकसारखे, तसा हात कोणाचा असते? उरलेल्या प्रती आज रेल्वेनं कोऱ्याच धाडल्या आहेत. मायले सांगा, तिचा पोरगा हरला. गठ्ठे फोडा, सुतळी सोडा, एकही प्रत कोऱ्या कपाळानं उंबऱ्याबाहेर जाऊ देऊ नका. फक्त वाळू द्या! अन् दुसरी आवृत्ती निघाली तर पहिल्या पानावर मायचं तिसरं नाव येईल, विचारणार सौ. झुंबरबाई. भगवानरावाले चालो का न चालो.

पण एक गोष्ट मले गोड लागली नाही. बाबा बाकावर बसले अन् लिहिणारी बाहेर बंडीवर, तर मंग माहं काम अर्धंच झालं. दादाले म्हणा, ती नियमावली पुन्हा वाच. सभासद पुरुषच पाह्यजे असं तिच्यात लिहिलं आहे का? नसंल तर येत्या बाजारी बंडी जुंपा. तुम्ही सही करा, अंगठा नाही. बाक नाही म्हणाले तर घरचा पाट संगं न्या अन् कपाटासमोर मांडून बसा. कोणी उठवलं तर मले कार्ड टाका, मी रजा घेऊन येतो.

थोरल्यायले दंडवत, सईदले सलाम. जीव लावता तसाच लावत राहा, मी बी तसाच भांडत राहीन.

तुमचा
शालिग्राम

ता. क. आजच मनीऑर्डर केली. मायच्या हळदीकुंकवाचे चार आणे अन् तुमच्या नावाची वर्गणी दोन रुपये, मिळून सव्वादोन रुपये.