दहावी 'ब'मधलं पहिलं महायुद्ध

१४ जुलै, सोमवार. सकाळी शाळेत दोन तास घेतले. दुपारी जेवलो, भांडी घासली.

तीर्थरूप दादा, नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला असेल. माझी झोप सोडली तर बाकी सगळं जागेवर आहे. कायमचं राहायला या म्हणून तुम्ही पाठवलेलं तिकीट मिळालं. (त्याबद्दल शेवटी लिहितो.)

तुमची बहीण गेल्याला पाच आठवडे झाले, पण तिच्या जागी शाळेत अजून इतिहासाचा शिक्षक आलेला नाही. मुख्याध्यापिका घरी आल्या, दोनदा चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही नुसते वर्गात बसा हो, पोरं शांत राहिली म्हणजे झालं." मी जन्मभर दुकानदारांचे वजनकाटे तपासले. मी नुसता बसलो की दुकानदार शांत होत; मुलं होत नाहीत. म्हणून तिच्या खणातली निळी वही वर्गात नेली. पहिल्या पानावर 'पहिलं महायुद्ध', खाली सगळं तारीखवार. (आधुनिक जगाचा इतिहास इतका सोपा असेल असं वाटलं नव्हतं.) मी उभा राहून वाचायला लागलो. सर्बियाने ऑस्ट्रियाची कंपासपेटी खिडकीतून फेकली, इथेच मला शंका यायला हवी होती; पण तिची सोपं करून सांगायची पद्धत मला ठाऊक, त्यामुळे कंपासपेटी म्हणजे तो राजपुत्र असेल असं धरून पुढे गेलो. (लग्नानंतर तुमच्या घरातली भांडणं तिने मला अशीच समजावली होती.) मग जर्मनी ऑस्ट्रियाच्या बाजूने उठला, रशियाने आईला बोलावून आणलं, जर्मनीने फ्रान्सचा चष्मा मोडला, ब्रिटन पाणी प्यायला गेला तो तासाभराने उगवला. वर्ग इतका चिडीचूप, की मला स्वतःचं कौतुक वाटलं. शेवटी 'अमेरिका कायम उशिरा, पालकांना चिठ्ठी' असं वाचलं, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी रडकुंडीला येऊन उभी राहिली. "सर, बस चुकते हो माझी!"

तर दादा, प्रकार असा, की तुमच्या बहिणीने प्रत्येक मुलाला एक देश वाटून दिला होता आणि वही त्यांच्या खोड्यांची होती. अठ्ठावीस जणांचे गुन्हे मी चारचौघांत वाचले. जर्मनी म्हणाला, "चष्मा मी नाही, इटलीने मोडला. बाईंना सांगायचं राहून गेलं." मी घाईने पान उलटून पुढचं मोठ्याने वाचलं : 'स्वित्झर्लंड. कुणाच्या भांडणात पडत नाही. बोलत तर नाहीच. घड्याळ मात्र बरोबर. डबा रोज वेळेवर आणून देतो.' कोण रे स्वित्झर्लंड, असं मी विचारलं. एकही हात वर नाही. मग जर्मनीच हळूच म्हणाला, "सर, बाईंचा डबा तुम्हीच आणायचात ना?"

वर्ग हसला. (मीही. वहिनींना सांगू नका.)

तुमचा,
मेहुणा

ता. क. तिकीट सोबत परत पाठवतो आहे. नवीन शिक्षक आले की निघेन.

आणखी एक. नवीन शिक्षक सापडले आहेत. मुख्याध्यापिकांना मी म्हणालो, घाई नाही.

खरं काम हे, की दुसरं महायुद्ध तिने लिहिलेलंच नाही. तुम्ही शाळेत इतिहासात पहिले येत होतात म्हणे (हे सांगताना ती हसायची, आजवर बोललो नाही). चार पानांत लिहून पाठवा. पुढच्या सोमवारच्या आत. कंपासपेट्या नकोत.

आता पाकीट चिकटवतो आणि भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देतो. पाच आठवडे बंद आहे.