गिरगावातलं आपलं घर विकताना

बाबा, आपलं घर मी विकायला काढलं होतं. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी हे सांगताना तुम्ही हातातला रंधा खाली ठेवून माझ्याकडे बघताय असं वाटतं. रागावू नका, आधी ऐकून घ्या. गाठीचा ताप धक्क्याकडे सुरू झाला आणि बघता बघता आपल्या वाडीत येऊन ठेपला. समोरचं बिऱ्हाड एका सकाळी चूल पेटती टाकून निघून गेलं. मी आईला म्हटलं, चल गावाला. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ह्यांनी आपल्या हातानं बांधलेलं घर बेवारशी टाकून मी नाय यायची. कुणाच्या तरी हातात दे. तिथं दिवा लागंल एवढं बघ, मग चल म्हण." तिचा हट्ट तुम्हाला मी काय सांगायचा!

दलाल आला होता. "घर दाखवणं तुमचं काम नव्हे, शेट. आमच्यावर सोपवा," म्हणाला. मला परळचा तो बंगला आठवला. मी लहान, तुमच्या हत्यारांची पिशवी धरून उभा आहे. दलाल गिऱ्हाइकाला रंग फासलेली तुळई दाखवतोय, आणि लाकूड पारखायला आलेले तुम्ही सगळ्यांदेखत तिच्यात पटाशी खुपसता. आतून भुसा गळतो. वाटेत मी हसलो तर माझ्यावरच डाफरलात, "हसतोस काय? आपला माल आपण दाखवावा, दुसऱ्याच्या तोंडानं नाही." म्हणून दलालाला मी दारातूनच वाटेला लावलं.

मग लग्नकार्याला काढायचो तसा घरभर चुना काढला. भिंती, ओटा, मोरीसुद्धा. घर इतकं लखलखलं की मी स्वतःवरच खूश झालो. गिऱ्हाइकं यायची, वाडीच्या तोंडाशी थबकायची आणि परत फिरायची. शेवटी एका बाईनं फाटकाबाहेरून विचारलं, "तुमच्यात कोण गेलं हो?"

"कुणी नाही."

"मग चुना कशाला काढलात?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हल्ली तापानं माणूस दगावलं की सरकारी माणसं येऊन घराला चुना मारून जातात. ताज्या चुन्याचा दुसरा अर्थच उरला नव्हता. मी मूर्खानं स्वतःच्या हातानं घराला सुतक लावलं होतं. शेजारीही आईशी अंगणातूनच बोलू लागले.

आणि मग एके सकाळी स्वयंपाकघरात फडताळाखाली उंदीर मरून पडलेला दिसला. कुणी मारलेला नव्हता. अंगावर जखम नाही, तोंडाशी थोडं रक्त. मी सुपात घेऊन मागच्या दारी ठेवला, आईला कळू दिलं नाही. नेमका त्याच दिवशी गिरणीतला एक कारकून आला. नवखा असावा, चुन्याला बिचकला नाही. घर त्याला फार आवडलं. "आमची पोरं ह्या ओट्यावर खेळतील," म्हणाला. आईनं खिडकीतून त्याला पाहिलं आणि तिचा चेहरा खुलला. बाबा, मला घर विकायचं होतं, आईला तिथून काढायचं होतं, जीव नुसता तळमळत होता. तरी मी त्याला मागच्या दारी नेलं आणि सूप दाखवलं. तो चपला हातात घेऊन पळाला.

आईला मी सांगितलं, सौदा ठरला. उद्या दुपारी ते राहायला येतात, आपण सकाळच्याच बोटीनं निघू. तिनं देवापुढे दिवा लावला, उंबऱ्याला हळदकुंकू वाहिलं आणि निघाली.

गावी येऊन थोडे दिवस झाले. काल तिला ताप भरला. आज सकाळी तिनं काख दाखवली. वैद्य अंगणातूनच परत गेला. शुद्धीवर आली की विचारते, "माणसं बरी हायत ना रे ती?" मी म्हणतो, बरी आहेत. मला फार भीती वाटते. हे पत्र कुठं धाडायचं म्हणा! पण ती तुमच्याकडे माझ्याआधी पोचेल असं दिसतं, आणि घर चांगल्या माणसांना दिलं म्हणून सांगेल. तुम्ही हो म्हणा. निघताना मी दाराला साधी कडीही घातली नाही. कडी लावताना पाहिलं असतं तर तिला संशय आला असता.